फ्रिट्झ झ्विकी : न दिसणाऱ्या द्रव्याचा शोध

जी वस्तु डोळ्यांना दिसत नाहीं ती अस्तित्वांतच नाहीं, असें समजण्याकडे मनुष्याच्या मनाचा स्वाभाविक कल असतो. तरी पण वारा कोणास दिसत नाहीं. झाडाचीं पानें हालूं लागलीं म्हणजे तो वाहत आहे हें लहान मुलासहि कळतें. खगोलशास्त्राच्या इतिहासांत असाच एक प्रसंग इ. स. १९३३ सालीं घडून आला. एका ज्योतिर्विदानें अतिदूरच्या आकाशांतील गतींचा हिशेब मांडला, आणि तेथें कांहीं तरी प्रचंड पण प्रकाशहीन असें द्रव्य असलें पाहिजे असें अनुमान काढलें. त्या वेळीं त्याकडे फारच थोड्यांनीं लक्ष दिलें. आज मात्र विश्वांतील एकंदर द्रव्यापैकीं सुमारें पांच षष्ठांश द्रव्य असेंच अदृश्य आहे असें बहुतेक सर्व ज्योतिर्विद मानतात. फ्रिट्झ झ्विकी हें त्या पुरुषाचें नांव. स्वभावानें तापट व वागण्यांत विक्षिप्त, परंतु बुद्धीनें असामान्य अशा ह्या संशोधकाचें चरित्र आमच्या विद्यार्थिमित्रांनीं व त्यांच्या वडील मंडळींनीं अवश्य ध्यानांत घेण्याजोगें आहे.

झ्विकी ह्यांचा जन्म ता. १४ फेब्रुवारी १८९८ रोजीं बल्गेरिया देशांत, काळ्या समुद्राच्या कांठीं वसलेल्या व्हार्ना ह्या शहरीं झाला. वडील मूळचे स्वित्झर्लंडचे. व्यापारानिमित्त ते तिकडे जाऊन राहिले होते. आई चेक लोकांपैकीं. मूल सहा वर्षांचें झालें तेव्हां त्याला शिक्षणासाठीं स्वित्झर्लंडमधील ग्लारुस ह्या गांवीं आजा-आजीकडे पाठविण्यांत आलें. मुलानें व्यापाराचें शिक्षण घ्यावें व पुढें आपला धंदा चालवावा असा वडिलांचा मानस होता. परंतु मुलाचें मन हिशेबाच्या वह्यांपेक्षां गणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांकडेच ओढ घेऊं लागलें. भोंवतालच्या बर्फाच्छादित डोंगरांवर चढून जाण्याचा नादहि त्यांना तरुणपणींच लागला. जी वाट अवघड तीच आपली मानण्याची ही संवय त्यांना जन्मभर सुटली नाहीं.

ज्या झुरिच येथील तंत्रविद्यापीठांत पूर्वी आइन्स्टाइन शिकले होते, त्याच विद्यापीठांत झ्विकी ह्यांनीं अध्ययन केलें, व स्फटिकांच्या रचनेसंबंधीं प्रबंध लिहून १९२२ सालीं डॉक्टर ही पदवी मिळविली. पुढें १९२५ मध्यें रॉकफेलर संस्थेची शिष्यवृत्ति मिळून ते अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं पॅसाडीना येथील तंत्रविद्यासंस्थेंत गेले. नोबेल पारितोषिक मिळविलेले मिलिकन हे त्या वेळीं त्या संस्थेचे प्रमुख होते. झ्विकी गेले ते स्फटिक व अणु ह्यांचा अभ्यास करावयास. परंतु पॅसाडीनाच्या जवळच माउंट विल्सन नांवाच्या पर्वतावर त्या काळची जगांतील सर्वांत मोठी, १०० इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण होती. आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आकाशगंगेसारख्याच असंख्य तारकामंडलें पसरलेलीं आहेत हें हबल ह्या ज्योतिर्विदानें त्याच दुर्बिणीच्या साह्यानें नुकतेंच सिद्ध केलें होतें. ह्या तारकामंडलांना आपण दीर्घिका म्हणतों. असल्या वातावरणांत झ्विकी ह्यांची जिज्ञासा हळूहळू स्फटिकांवरून आकाशाकडे वळली यांत नवल नाहीं.

त्यांनीं काय केलें हें समजण्यासाठीं आकाशस्थ गोलांचें वजन कसें करतात हें आधीं पाहिलें पाहिजे. सूर्य कोणत्याहि तराजूंत घालतां येत नाहीं. परंतु शेतकरी गोफण फिरवितो तेव्हां दगड जितक्या जोरानें फिरतो तितकाच ताण दोरीला सोसावा लागतो. पृथ्वी सूर्यापासून सुमारें १५ कोटि किलोमीटर अंतरावर राहून दर सेकंदास सुमारें ३० किलोमीटर वेगानें फिरते. येथें दोरीचें काम सूर्याचें गुरुत्वाकर्षण करतें. वेग व अंतर हीं दोन्ही ठाऊक असलीं म्हणजे आकर्षण किती असलें पाहिजे हें कळतें, आणि आकर्षणावरून सूर्यांत द्रव्य किती आहे हें कळतें. तात्पर्य, गति हाच आकाशाचा तराजू होय.

अरुंधतीकेश ह्या तारकासमूहाच्या दिशेस, ताऱ्यांच्या फार पलीकडे, शेंकडों दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे. त्यास कोमा समूह म्हणतात. मोहोळाभोंवतीं माशा घोंघावाव्या त्याप्रमाणें ह्या दीर्घिका एकमेकींच्या आकर्षणानें बांधल्या जाऊन फिरत असतात. आगगाडी जवळ येतांना तिची शिटी बारीक व दूर जातांना जाड ऐकूं येते. प्रकाशाच्या बाबतींतहि तसाच प्रकार घडतो, व वर्णपटांतील रेषा किती सरकल्या आहेत हें मोजून दीर्घिकेचा वेग काढतां येतो. हबल व ह्यूमसन ह्यांनीं माउंट विल्सनवरून असे वेग मोजून ठेविले होते. झ्विकी ह्यांनीं ते आंकडे घेतले आणि त्यांचा दोन रीतींनीं हिशेब मांडला.

पहिला हिशेब प्रकाशाचा. समूहांत सुमारें ८०० दीर्घिका आहेत व प्रत्येकींत सुमारें १०० कोटि सूर्यांइतकें द्रव्य आहे, असें त्या काळच्या माहितीप्रमाणें त्यांनीं धरलें. इतक्या द्रव्याच्या आकर्षणाखालीं दीर्घिकांचे परस्परसापेक्ष वेग दर सेकंदास सुमारें ८० किलोमीटर असावयास पाहिजेत. दुसरा हिशेब प्रत्यक्ष गतीचा. मोजलेले वेग पाहतां ते १,००० किलोमीटर व त्याहूनहि अधिक निघाले! एवढ्या वेगानें धांवणाऱ्या दीर्घिकांना आवरून धरावयाचें तर दिसणाऱ्या द्रव्यापेक्षां निदान ४०० पट द्रव्य त्या समूहांत असलें पाहिजे, असें गणित सांगूं लागलें. गणिताच्या वर्गांत एकच उदाहरण दोन रीतींनीं करून ताळा पाहतात. येथें ताळा मुळींच जुळेना.

कदाचित् हा समूह बांधलेला नसून विखरून जात असेल, हीहि शंका झ्विकी ह्यांनीं विचारांत घेतली. परंतु तसें असतें तर अशा समूहांतून सुटलेल्या एकट्यादुकट्या दीर्घिका आकाशांत सर्वत्र तसल्याच प्रचंड वेगानें इतस्ततः धांवतांना दिसल्या असत्या. त्या तशा दिसत नव्हत्या. म्हणून स्वित्झर्लंडमधील एका शास्त्रीय नियतकालिकांत जर्मन भाषेंत लिहिलेल्या १९३३ च्या आपल्या निबंधांत त्यांनीं ह्या न दिसणाऱ्या द्रव्यास काळें द्रव्य असें अर्थाचें नांव दिलें. आपण त्यास कृष्णद्रव्य म्हणतों. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, आदल्याच वर्षीं हॉलंडमधील ऊर्ट ह्या ज्योतिर्विदानें आपल्या आकाशगंगेंतील सूर्याजवळच्या ताऱ्यांच्या गतींवरून अदृश्य द्रव्याचा विचार मांडला होता. परंतु संबंध दीर्घिकासमूहाचें अशा रीतीनें वजन करून एवढी मोठी तफावत जगापुढें मांडण्याचा मान झ्विकी ह्यांचाच आहे.

आकाशांत हिशेब जुळला नाहीं म्हणजे दोन मार्ग असतात. एक, कांहीं तरी न दिसलेली वस्तु तेथें आहे. दुसरा, आपण वापरलेला नियमच अपुरा आहे. युरेनस ग्रहाच्या गतींत जेव्हां फरक पडूं लागला तेव्हां लव्हेर्ये ह्या फ्रेंच गणितज्ञानें पहिला मार्ग धरला, आणि १८४६ सालीं त्यानें सांगितलेल्या जागेजवळच नेपच्यून हा नवा ग्रह सांपडला. पुढें बुधाच्या गतींतील अल्पशा फरकासाठींहि त्यानें तोच मार्ग धरला व एक अज्ञात ग्रह कल्पिला; तो मात्र कधींच सांपडला नाहीं. तेथें नियमच सुधारावा लागला, व तें काम १९१५ मध्यें आइन्स्टाइन ह्यांनीं केलें. एकाच विद्वानास एकाच युक्तीनें एकदां यश व एकदां अपयश आलें! कोमा समूहाच्या बाबतींत यांपैकीं कोणता मार्ग खरा, हें केवळ एका निबंधानें ठरण्यासारखें नव्हतें. त्यासाठीं आणखी पुरावा पाहिजे होता.

१९३६ सालीं सिंक्लेअर स्मिथ ह्यांनीं कन्या राशींतील दीर्घिकासमूहाचा असाच हिशेब केला व तेथेंहि ताळा जुळला नाहीं. १९३७ सालीं झ्विकी ह्यांनीं इंग्रजींत सविस्तर निबंध लिहून आपला मुद्दा पुन्हां मांडला. त्याच वर्षीं त्यांनीं आणखी एक नवी वाट दाखविली. जड वस्तूजवळून जातांना प्रकाशाचा किरण वांकतो हें आइन्स्टाइन ह्यांनीं दाखविलें होतें. परंतु एक तारा दुसऱ्या ताऱ्याच्या प्रकाशाला भिंगाप्रमाणें वांकवितांना आपणांस दिसेल ही आशा त्यांना फारशी वाटत नव्हती. झ्विकी ह्यांनीं सुचविलें कीं, ताऱ्याऐवजीं संबंध दीर्घिका हें भिंग मानावें. तिच्या प्रचंड द्रव्यामुळें मागील वस्तूच्या प्रतिमा निराळ्या दिसतील, आणि किरण किती वांकला ह्यावरून दीर्घिकेचें वजन दिव्याची मदत न घेतां करतां येईल. ही सूचना पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ कागदावरच राहिली.

झ्विकी केवळ गणित मांडून बसणारे नव्हते. १९३४ सालीं बाडे ह्या सहकाऱ्यासमवेत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, कांहीं प्रचंड तारे अखेरीस स्फोट पावतात व त्या स्फोटांतून अत्यंत घट्ट असा न्यूट्रॉन कणांचा लहानसा तारा शिल्लक राहतो. न्यूट्रॉनचा शोध लागून त्या वेळीं दोनच वर्षें झालीं होतीं! ह्या स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांना अतिनवतारे म्हणतात. ते शोधण्यासाठीं त्यांनीं प्रथम आपल्या संस्थेच्या इमारतीच्या छपरावरून एका लहान कॅमेऱ्यानें आकाशाचीं छायाचित्रें घेतलीं, पण हातीं कांहींच लागलें नाहीं. निराश न होतां त्यांनीं पालोमार पर्वतावर १८ इंची श्मिट दुर्बीण बसविण्याचा आग्रह धरला, व १९३६ पासून तिच्या साह्यानें आकाशाचे मोठमोठे भाग रात्रीमागून रात्री तपासले. आयुष्यांत त्यांनीं स्वतः सुमारें १२० अतिनवतारे शोधून काढले. सहकाऱ्यांसह त्यांनीं १९६१ ते १९६८ ह्या काळांत सहा खंडांची सूची प्रसिद्ध केली. तींत सुमारें ३०,००० दीर्घिका व ९,००० हून अधिक समूह नोंदलेले आहेत.

मग अशा पुरुषाचें कृष्णद्रव्याविषयींचें म्हणणें लोकांनीं चाळीस वर्षें बाजूस कां ठेविलें? ह्याचीं कारणें दोन्ही बाजूंस होतीं. मोजलेले वेग थोडे होते, व मापनांतच कोठें तरी चूक असेल असें म्हणणें सोपें होतें. शिवाय त्यांच्या सर्वच कल्पना खऱ्या ठरल्या नाहींत. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाटेंत थकून तांबूस होतो ही त्यांची १९२९ ची कल्पना पुढें टिकली नाहीं. तिसरें कारण त्यांचा स्वभाव. आपल्या बुद्धीविषयीं त्यांना विलक्षण अभिमान असे, व ज्यांचें मत पटत नसे अशा सहकाऱ्यांवर ते अत्यंत कठोर शब्दांत तुटून पडत. १९७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका सूचीच्या प्रस्तावनेंतहि त्यांनीं नामवंत ज्योतिर्विदांची इतकी झोड उठविली कीं, लोक सूचीपेक्षां त्या प्रस्तावनेचीच चर्चा अधिक करीत. सत्य सांगणाऱ्याची वाणी कडू झाली म्हणजे सत्य खोटें होत नाहीं; परंतु तें ऐकणारे मात्र कमी होतात.

त्यांच्या आंकड्यांतहि दोष होता. विश्वाच्या प्रसरणाचा जो वेग त्या काळीं धरीत तो आजच्या मानानें सुमारें आठ पट जास्त होता, व त्यामुळें दीर्घिकांचीं अंतरें फारच कमी भासत. कोमा समूह ४ ते ५ कोटि प्रकाशवर्षें दूर आहे असें झ्विकी ह्यांनीं धरलें. तो वास्तविक ३० कोटींहून अधिक प्रकाशवर्षें दूर आहे. अंतर सात पट वाढलें तर दीर्घिकांच्या खऱ्या प्रकाशाचा हिशेब एकुणपन्नास पट वाढतो, परंतु त्यांना आवरावयास लागणारें द्रव्य सात पटच वाढतें. म्हणजे तफावत आपोआप सात पट कमी होते. शिवाय १९७० नंतरच्या दशकांत उपग्रहांवरील क्ष-किरण दुर्बिणींनीं ह्या समूहांत अत्यंत तप्त वायूचा सांठा आहे असें दाखविलें. तो साध्या डोळ्यांना दिसत नाहीं, पण त्याचें वजन सर्व ताऱ्यांहून कितीतरी अधिक भरतें. इतकें सारें वजा करूनहि ताळा जुळत नाहीं. तारे व वायु मिळून जेवढें द्रव्य होतें त्याच्या पांच-सहा पट द्रव्य अजून लागतेंच. आंकडा चुकला होता. रीत बरोबर होती.

तापट स्वभावाच्या ह्या मनुष्याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धांत युरोप व आशियांतील अनेक ग्रंथालयें उद्ध्वस्त झालीं. तेथील विद्यार्थ्यांना शास्त्रीय ग्रंथ व नियतकालिकें मिळावीं म्हणून झ्विकी ह्यांनीं वर्षानुवर्षें पुस्तकें गोळा करून परदेशीं पाठविलीं. युद्धांत पोरक्या झालेल्या मुलांच्या संगोपनाच्या कार्यांतहि त्यांनीं मनापासून भाग घेतला. युद्धकाळांत त्यांनीं अग्निबाणांच्या संशोधनांत अमेरिकेस मोठें साह्य केलें. त्याबद्दल १९४९ सालीं त्या राष्ट्रानें त्यांना स्वातंत्र्यपदक अर्पण केलें. इतकें असूनहि त्यांनीं आपलें स्विस नागरिकत्व कधीं सोडलें नाहीं, व त्यापायीं पुढें गुप्त सरकारी संशोधनांत भाग घेण्याची परवानगी गेली तरी पर्वा केली नाहीं. १९७२ सालीं इंग्लंडच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें त्यांना आपलें सुवर्णपदक दिलें. त्यानंतर दोन वर्षांनीं, ता. ८ फेब्रुवारी १९७४ रोजीं, पॅसाडीना येथें त्यांचें देहावसान झालें. ग्लारुसजवळील मोलिस ह्या गांवीं, बाळपणींच्या डोंगरांच्या सान्निध्यांत त्यांना चिरविश्रांति देण्यांत आली.

ज्या पुराव्याची वाण होती तो जणु त्यांच्या जाण्याच्या सुमारासच पुढें येऊं लागला. सूर्यमालेंत बुध दर सेकंदास सुमारें ४८ किलोमीटर धांवतो, तर अतिदूरचा नेपच्यून केवळ ५ किलोमीटर. कारण द्रव्य सारें मध्यभागीं सूर्यांत सांठलेलें आहे. दीर्घिकेचाहि प्रकाश मध्यभागीं एकवटलेला असतो. तेव्हां तिच्या कडेचे तारे मंद चालले पाहिजेत. व्हेरा रुबिन ह्या विदुषीनें केंट फोर्ड ह्यांच्यासह १९७० मध्यें देवयानी तारकासमूहांतील मोठ्या दीर्घिकेचे, व पुढील दहा वर्षांत इतर अनेक दीर्घिकांचे वेग मोजले. तों कडेचे तारेहि आंतल्या ताऱ्यांइतक्याच वेगानें धांवत आहेत असें आढळलें. म्हणजे प्रकाश जेथें संपतो तेथें द्रव्य संपत नाहीं. १९७९ सालीं सप्तर्षींच्या प्रदेशांत एकाच दूरस्थ तेजोगोलाच्या दोन प्रतिमा सांपडल्या. मधल्या दीर्घिकेनें भिंगाचें काम केलें होतें. झ्विकी ह्यांची १९३७ ची सूचना अशा रीतीनें त्यांच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं प्रत्यक्षांत उतरली. १९६७ सालीं मात्र, ते हयात असतांनाच, नियमित स्पंद पाठविणारे तारे सांपडले होते, व ते त्यांनीं वर्तविलेले न्यूट्रॉन तारेच असल्याचें ठरलें होतें.

२००६ सालीं तर त्याहून विलक्षण पुरावा मिळाला. दक्षिण आकाशांत दोन दीर्घिकासमूह एकमेकांवर आदळून आरपार गेलेले आहेत. टक्करींत त्यांतील तप्त वायु मध्येंच अडखळून मागें राहिला. परंतु प्रकाश वांकविणारें द्रव्य वायूबरोबर न राहतां दीर्घिकांबरोबर पुढें निघून गेलेलें दिसलें. केवळ गुरुत्वाकर्षणाचा नियम बदलून ह्या दृश्याचा उलगडा करणें कठीण आहे. तथापि हें कृष्णद्रव्य कोणत्या कणांचें बनलेलें आहे ह्या प्रश्नाचें उत्तर अद्याप कोणासहि सांपडलेलें नाहीं. खोल खाणींत व प्रयोगशाळांत त्याचे कण धरण्याचे प्रयत्न चालले आहेत. आकाशाच्या बाजूनें पाहतां, १ जुलै २०२३ रोजीं युक्लिड नांवाची दुर्बीण अंतराळांत पाठविण्यांत आली, आणि चिली देशांतील एका पर्वतावर व्हेरा रुबिन ह्यांच्याच नांवानें उभारलेल्या वेधशाळेचीं पहिलीं चित्रें जून २०२५ मध्यें प्रसिद्ध झालीं. कोट्यवधि दीर्घिकांचे आकार तपासून त्यांच्या प्रतिमा कोणत्या अदृश्य भारानें किंचित् वांकल्या आहेत हें शोधणें हा ह्या दोहोंचाहि एक मुख्य उद्देश आहे.

विद्यार्थिमित्रहो, उदाहरणाचा ताळा जुळला नाहीं म्हणजे एखादा आंकडा खोडून तो जुळवून टाकण्याचा मोह कोणास होत नाहीं? झ्विकी ह्यांच्यापुढें तर आठशें दीर्घिकांचा ताळा चुकला होता, व त्याकडे दुर्लक्ष केलें असतें तरी कोणीं विचारलें नसतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. जें मोजलें तें तसेंच लिहून ठेविलें, व त्यांतून निघणारा अर्थ कितीहि अविश्वसनीय वाटला तरी तो लपविला नाहीं. त्यांची कडू जीभ आपण घेऊं नये. त्यांचा हा प्रामाणिकपणा मात्र जरूर घ्यावा. न जुळणारा ताळा ही विद्यार्थ्यास लाज वाटण्याजोगी गोष्ट नव्हे. पुष्कळदां नव्या ज्ञानाचें दार तेथेंच असतें, आणि तें उघडण्याचें काम आजच्या वर्गांत बसलेल्या कोणाच्या तरी वांट्यास यावयाचें आहे.